वाफेत फक्त पाणी

उकळीबाईंना हे नाव इस्पितळाने दिलं. नोकरीची सगळी वर्षं त्या हत्यारांच्या खोलीत होत्या. हत्यारं म्हणजे कात्र्या, चिमटे, सुया, डॉक्टरांच्या हातात जे जे जातं ते सगळं. ते रक्ताने माखून आत यायचं, वाफेच्या पेटीत बसायचं आणि चकचकीत होऊन बाहेर पडायचं. आधी वॉर्डबॉय हे नाव पाठीमागे घ्यायचे, मग तोंडावर घ्यायला लागले आणि निरोपाच्या कार्यक्रमात तर मोठ्या डॉक्टरांच्याच तोंडून भर भाषणात ते निसटलं. सगळे हसले. बाईही हसल्या. नावं ठेवायला लोकांच्या बापाचं काय जातं म्हणा, पण हे नाव बाईंना मनापासून आवडायचं. निरोपाला काय हवं असं विचारलं तेव्हा त्यांनी वाफेची पेटी यायच्या आधीचं, हत्यारं उकळायचं जुनं, खोल, दोन कानांचं पातेलं मागून घेतलं. शाल-नारळापेक्षा तेच बरं, असं त्यांचं म्हणणं.

घरीही तोच कारभार. पाणी उकळायचं, फडकी उकळायची, चमचे उकळायचे. लेक लहान असताना तिची रबरी बाहुली बाईंच्या पातेल्यात पडली आणि बाहेर आली ती तोंड वाकडं करूनच. लेक आता संसाराला लागली, तरी अजून म्हणते, "आईच्या तावडीतून बाहुलीसुद्धा सुटली नाही." बाईंचं एकच उत्तर असायचं, "पण तुला कधी ताप आला का सांग." तो आला नव्हता हे खरं होतं.

बाईंचे यजमान फरशीवाले. नव्या घरांमध्ये फरशी घासायची, तिला आरसा करायचा, हा त्यांचा धंदा. लोकांच्या फरश्या चमकल्या आणि त्या दगडांची भुकटी फरशीवाल्यांच्या छातीत जाऊन बसली. छातीच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरून सांगितलं, "आता आत फार जागा शिल्लक नाही. काम बंद. धूळ, धूर, तळणाचा खाट, गार वारा, काही चालणार नाही. साधा सर्दीतापसुद्धा ह्यांना झेपायचा नाही." मग बाईंकडे वळून म्हणाला, "रोज वाफ द्या. वाफेने जरा मोकळं वाटेल."

एवढ्या वाईट बातमीतसुद्धा बाईंना त्या शेवटच्या वाक्याने धीर आला. वाफ ना? मग ती आपल्या घरचीच. रोज सकाळी त्या फरशीवाल्यांना स्टुलावर बसवायच्या, पुढ्यात पातेलं, डोक्यावर टॉवेल. आतून आवाज यायचा, "अगं, मला शिजवतेस का काय?" बाई वरून टॉवेल आणखी घट्ट करायच्या.

पण काम सुटलेला माणूस वाफेवर किती दिवस जगणार! फरशीवाले खिडकीशी बसून राहायला लागले. विचारलं तर बोलायचे, नाहीतर नाही. बाईंना धास्ती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे त्यांच्या श्वासाची. भांडी घासतानासुद्धा त्यांचा एक कान बाहेरच्या खोलीत असायचा. तिथला खरखर आवाज क्षणभर थांबला की त्या हातातलं भांडं तसंच टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.

आणि मग टाकी आली.

छातीच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक टाकी होती. खाऱ्या पाण्याची, आत दगड आणि दगडांवर कसलीतरी मऊ, हलणारी फुलं. फरशीवाल्यांनी जन्मभर दगडच पाहिले होते, पण मेलेले. हे दगड उघडमीट करत होते. त्यांचा नंबर पुकारला, पुन्हा पुकारला, मागचा माणूस आत गेला, तरी हे आपले काचेला नाक लावून उभे. बाईंनी दंडाला धरून हलवलं तेव्हा म्हणाले, "ते बघ. ते आपल्याकडे बघून उघडलं." किती तरी दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते. बाईंनी त्याच दिवशी मनात ठरवलं, घरात समुद्र आणायला लागला तरी आणायचा.

घरी आलेली टाकी फार मोठी नव्हती. खालच्या टेबलाची सपाटी बघायला फरशीवाल्यांनी पाणसळ लावली आणि इतक्या वेळा लावली की बाईंना हसू आलं. "अहो, मासे पडणार आहेत का घसरून?" "पाण्याचं वजन काय असतं तुला ठाऊक नाही," ते म्हणाले. "टेबल एक केस कललं तर काच कधीतरी तडकणारच. आज नाही तडकणार. आपण विसरल्यावर तडकेल." मग वाळू आली, लाटा करणारा पंप आला, निळा दिवा आला. मीठ आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मीठ काय घरात नव्हतं?" पण ते मीठ वेगळं होतं. ते बादलीत ढवळायचं, काचेची नळी बुडवून खारेपणा बघायचा आणि जुळेपर्यंत पुन्हा ढवळायचं. शेवटी दगड आले, ओल्या कागदात गुंडाळून. दुकानदार त्यांना जिवंत दगड म्हणायचा.

बाईंनी ते हुंगले आणि थेट पातेलं गॅसवर चढवलं.

"अगं अगं, मारशील त्यांना!" फरशीवाले धापा टाकत स्वयंपाकघरात आले.

"कुणाला?"

"आतल्या जंतूंना."

बाईंच्या हातातला दगड हातातच राहिला. "जंतू विकत आणलेत तुम्ही?"

"त्यांच्यावरच तर सगळं चालतं. माशांची घाण होते, ती विषारी असते. एक जंतू ते विष खातो आणि त्याचं दुसरं विष करतो. दुसरा जंतू ते दुसरं खातो. दोघांचं बस्तान बसलं की पाणी शांत. तोवर आपण फक्त थांबायचं." मग श्वास जुळवून ते हसले. "तुझे सगळे दुष्मन आता ह्या घरचे जावई झाले. मान राखायचा त्यांचा."

जावई तर जावई. बाई थांबल्या, पण थांबणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. फरशीवाले रोज नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग बघायचे. हिरवा आला की पाण्यात विष आहे आणि पिवळा आला की गेलं. पाणी गढूळ झालं, काचेवर तपकिरी साय धरली, दगडांना वास सुटला, आणि फरशीवाले म्हणाले, "छान चाललंय." बाईंच्या जिवाची तगमग व्हायची. ज्या घरात कपाला डाग राहत नव्हता तिथे दिवाणखान्यात घाण मांडून ठेवली होती आणि नवरा तिच्यापुढे खुर्ची टाकून बसला होता.

रंग एकदाचा पिवळा झाला आणि मासे आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं जोडपं. बाईंना राहवलं नाही. फरशीवाले झोपलेले बघून त्यांनी पंपाच्या तोंडचा काळाकुट्ट स्पंज काढला, उकळला, पांढराशुभ्र करून परत बसवला. चांगलंच करायला गेल्या होत्या. दोन्ही जावई त्या स्पंजात मुक्कामाला होते हे त्यांना काय ठाऊक! पाणी पुन्हा हिरवं झालं आणि एक मासा वर तरंगला.

फरशीवाले ओरडले नाहीत. ओरडायला श्वास लागतो. त्यांनी मासा जाळीने उचलला आणि म्हणाले, "तू साफ करायला लागलीस ना, की मला भीती वाटते."

हे वाक्य बाईंना फार लागलं. आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी शब्द दिला की टाकीच्या आतल्या कशालाही ह्यापुढे हात लावणार नाही. आणि त्यांनी तो पाळला. पुढे जे झालं ते शब्द मोडून झालं नाही, हेच तर त्यातलं वाईट आहे.

फरशीवाल्यांनी त्यांना एक काम मात्र दिलं, रोज पाण्याची पातळी बघायची. दिव्याच्या उबेने पाणी उडायचं आणि काचेवरच्या खुणेच्या खाली जायचं. "गाळलेलं साधं पाणी घालायचं," ते म्हणाले. "मीठ नाही. मीठ आत आहे तेवढंच आहे. पाणी वाफ होऊन जातं, बाकीचं सगळं मागे राहतं. वाफेत फक्त पाणी जातं."

"हे तुम्ही मला शिकवता?" बाई म्हणाल्या, आणि दोघं हसले. घासण्यावरून, जंतूंवरून, उकळण्यावरून त्यांचं कधी पटलं नव्हतं. ह्या एका वाक्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. बाई ते पुढे कुणाला कुणाला सांगायच्या. लेकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं.

टाकी स्थिरावली. नवा मासा आला, शंख काचेवरून फिरायला लागले. एका दगडावर बोटांसारखं झुलणारं पोवळं धरलं, त्यावर फरशीवाल्यांचा जीव. त्यांची छाती काही सुधारली नव्हती, पण माणूस घरात परत आला होता. सकाळी उठून आधी "झोप झाली का रे तुमची?" असं विचारायचे ते टाकीला. बाईंना थोडा मत्सर वाटायचा, आणि त्यापेक्षा जास्त बरं वाटायचं.

त्याच सुमारास दुकानदाराने एक दगड फुकट दिला. चांगल्या आकाराचा, मधे कमान असलेला. त्यावर कोपऱ्यात तपकिरी रंगाच्या चारदोन गुंड्या होत्या, शर्टाच्या गुंड्यांएवढ्याच, कडेला बारीक झालर असलेल्या. फरशीवाले दोन्ही हातांनी तो दगड घेऊन आले. "फुकट ते पौष्टिक," बाई म्हणाल्या.

गुंड्या वाढल्या. आधी कमान भरली, मग दगडाची पाठ. रोज बघणाऱ्याला कळत नाही, पण एके दिवशी लेक आली आणि म्हणाली, "बाबा, हे एवढं कधी झालं?" तेव्हा दोघांनी नीट पाहिलं. गुंड्यांची वस्ती शेजारच्या दगडाला जाऊन भिडली होती आणि झुलणारं पोवळं एका अंगाने आक्रसून पांढरं पडलं होतं. फरशीवाले त्या दिवशी जेवले नाहीत. खोकला वाढला. पुन्हा खिडकीशी जाऊन बसायला लागले. टाकी गेली तर मागोमाग काय जाणार, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फरशीवाल्यांनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दगड बाहेर काढा आणि टाकून द्या, आणि त्या गुंड्यांना उघड्या हाताने शिवू नका, विष असतं त्यांच्यात. फरशीवाल्यांनी हातमोजे घालून दगड काढला, रिकाम्या बादलीत ठेवला आणि बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवली. "इतका चांगला दगड," ते म्हणाले. "टाकवत नाही गं. कमान बघ त्याची." टाकीत त्या जागी मोठं भगदाड दिसत होतं.

बाईंनी बादलीकडे बघितलं. इस्पितळात त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं, हाताला लागू नये असं जे असेल ते उकळायचं. ह्यापेक्षा सोपं काही नव्हतंच. आणि दगड आता टाकीत नव्हता, म्हणजे दिलेला शब्दही मोडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली. बाहेर बोचरा वारा होता. फरशीवाल्यांच्या छातीला लागू नये म्हणून बाईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, स्वयंपाकघराचीसुद्धा. ते आडवे झालेले बघून त्यांनी हातमोजे घातले, दगड जुन्या पातेल्यात ठेवला, बुडेल इतकं पाणी घातलं आणि गॅस मोठा केला. गुंड्या एकेक करून मिटल्या. पाण्याला उकळी फुटली तसा तपकिरी फेस वर आला. बाई चमच्याने तो बाजूला करत राहिल्या. संध्याकाळी स्वच्छ दगड त्यांच्या हातात ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं. त्यांना गाणंसुद्धा गुणगुणावंसं वाटत होतं.

वासाने की आवाजाने, फरशीवाले उठून आले. दारात उभे राहून त्यांनी पातेल्यात बघितलं.

"दगड?"

"दगडच. तुम्हाला टाकवत नव्हता ना? होईल आता कोरा करकरीत. पुन्हा जंतू चढवा त्याच्यावर, मी काही बोलणार नाही."

फरशीवाल्यांचे डोळे भरून आले. मग जरा घुटमळून म्हणाले, "विष असतं म्हणाला होता तो."

"राहील की ते पातेल्यात. तुम्हीच सांगता ना, वाफेत फक्त पाणी जातं."

"हे मात्र खरं," ते म्हणाले.

"मग आलाच आहात तर बसा दोन मिनिटं. सकाळी वाफ राहिली तुमची. एवढी वाफ फुकट कशाला घालवायची?" बाईंनी स्टूल ओढलं, गॅसच्या अगदी जवळ. अर्धवट ठेवलेलं झाकणही काढून बाजूला ठेवलं.

फरशीवाले बसले. बंद खोलीत वाफ भरली होती, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. टॉवेल नको म्हणाले, नुसतंच तोंड पुढे केलं. मग बोलत बसले, किती तरी दिवसांत बोलले नव्हते इतकं. कमान कुठल्या बाजूला बसवायची, पोवळं हळूहळू उजव्या बाजूने भरून येईल, लेकीच्या घरी एक छोटी टाकी करून द्यायची. बाई ओट्याला टेकून ऐकत होत्या. मधेच फरशीवाल्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. "तोंड कडू झालंय गं."

"माझंही," बाई म्हणाल्या. "जेवणाचं असेल."

दिवेलागणीला फरशीवाल्यांना हुडहुडी भरली. मग बाईंना. अंग मोडून आल्यासारखं दुखायला लागलं, आणि खोकला सुरू झाला तो थांबेना. फरशीवाल्यांच्या छातीतला आवाज बाईंनी आजवर कधी ऐकला नव्हता असा येत होता. शेजाऱ्याने गाडी काढली आणि लेकीलाही बोलावून घेतलं. बाई त्यांच्याच इस्पितळात पोचल्या, फक्त ह्या वेळी चाकांच्या खाटेवरून. हत्यारांच्या खोलीवरूनच खाट गेली. आत पेटीची शिट्टी वाजत होती.

तरुण डॉक्टरने विचारलं, "घरात काही जळलं होतं का?"

"जळलं नाही," बाई म्हणाल्या. "उकळलं."

"काय उकळलं?"

"दगड."

डॉक्टरने लेकीकडे पाहिलं. म्हातारी तापात बरळते आहे असं त्याला वाटलं असणार. लेकीने आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, गुंड्यांसकट. तो बाहेर गेला, फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. बाईंच्या खाटेशी बसून त्याने विचारलं, "वाफ किती वेळ घेतली त्यांनी?"

"वाफेत फक्त पाणी जातं," बाई म्हणाल्या.

"नुसतं उडतं तेव्हा फक्त पाणी जातं, बाई. उकळताना बारीक बारीक थेंबही उडतात आणि थेंबांत सगळंच असतं. ह्या गुंड्यांचं विष नुसत्या उकळण्याने मरत नाही."

बाई छताकडे बघत राहिल्या. उडणं वेगळं आणि उकळणं वेगळं. इस्पितळात जन्मभर त्यांनी घाण उकळली होती, पण पेटीचं दार लावून, चारही खिट्ट्या घट्ट करून. तिथली वाफ कधी कुणाच्या तोंडाशी आली नव्हती. इथे झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं आणि स्टूलही स्वतःच ओढलं होतं. त्या मोठ्याने रडल्या. इस्पितळातल्या कुणीही उकळीबाईंना रडताना पाहिलं नव्हतं. जुनी नर्स धावत आली आणि नुसती हात धरून बसली.

बाईंचा ताप उतरला. त्यांच्या छातीत जागा होती. फरशीवाल्यांच्या छातीत ती नव्हतीच. बाईंना चाकांच्या खुर्चीतून त्यांच्याजवळ नेलं तेव्हा तोंडावर मुखवटा होता, आणि तरीही प्रत्येक श्वास खालून ओढून आणल्यासारखा येत होता. बाईंना सांगायचं होतं की मी तुम्हाला बसवलं, मीच बसवलं. "अहो," एवढंच तोंडातून आलं.

फरशीवाल्यांनी मुखवटा बाजूला केला. "टाकीतलं पाणी उतरलं असेल," ते म्हणाले. मधे दोन श्वास ओढावे लागले. "साधं घाल. गाळलेलं."

त्यांना कळलं होतं का, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. लेक म्हणते बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ते दगडाच्या धंद्यातले, पाणसळ लावून बघणारे होते. बाईंना वाटतं, कळलं असणार.

सगळं उरकल्यावर लेकीने बाईंना घरी आणलं. तिने आधी येऊन स्वयंपाकघर पुसून घेतलं होतं आणि पातेलं, दगड, स्टूल, सगळं नेऊन टाकलं होतं. टाकीचा दिवा चालू होता. पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं होतं आणि काचेवर मिठाची पांढरी रेघ धरली होती. पट्ट्यांचं जोडपं पुढे येऊन काचेशी थांबलं. झुलणारं पोवळं उजव्या बाजूने भरून येत होतं, ते म्हणाले होते अगदी तसंच.

बाई फरशीवाल्यांच्या खुर्चीत बसल्या. श्वास ऐकायला म्हणून कान आपसूक मागे गेला आणि रिकामाच परत आला.

लेकीने गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणला. आईच्या घरात बालपण गेलेलं तिचं, दारातच थांबून तिने सवयीने विचारलं, "आई, उकळून घेऊ का आधी?"

"नको गं," बाई म्हणाल्या, "त्यांनी साधं सांगितलंय."